मुहूर्ताचे मिनिट

पत्रिकेवर 12 वाजून 37 मिनिटे छापले, की हळदीपासून पंगतीपर्यंतचा सगळा दिवस त्या मिनिटाभोवती आखला जातो. पण इतका नेमकेपणा परंपरेच्या साधनालाच पेलत नव्हता. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती पाण्यात बुडायला सुमारे 24 मिनिटे लागत आणि त्यावरून जोशी वेळ सांगत. गोरज मुहूर्त तर गुरे घरी परतण्याची वेळ, मिनिटाचा प्रश्नच नाही. शिवाय अक्षता मुहूर्तावर पडल्या, तरी 1955च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, सप्तपदी असेल तिथे विवाह पूर्ण होतो सातव्या पावलाला. तोवर अर्धे पाहुणे पंगतीला बसलेले असतात! म्हणून मला वाटते, मुहूर्ताचे बळ ग्रहांत नाही, विखुरलेल्या माणसांनी एका क्षणी साक्षीला हजर राहण्यात आहे.

मग कोणतीही वेळ चालेल, असा आक्षेप येईल. चालेलच. 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने मुहूर्त सांगणाऱ्या भटजींशिवाय, वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांवर लग्ने लावली. श्रद्धावंत म्हणतील, यात दैवाला जागाच उरली नाही. तसे नाही, देवाला साक्षी मानणाऱ्याची श्रद्धा घड्याळावर अवलंबून का असावी? उलट ग्रहांवर विश्वास सांगून वरातीच्या नाचापायी मुहूर्त तासभर लांबवणाऱ्यांनीच आधी उत्तर द्यावे. वेळापत्रक आखताना सप्तपदीला पाहुणे समोर बसलेले असतील एवढी सोय केली, तर जेवण अर्धा तास पुढे गेल्याने काही बिघडत नाही.