किती एचपीची बसवली?

एप्रिलमध्ये पंधरा दिवस वडीगोद्रीला होतो. लॅपटॉप ओसरीवर, नेट मोबाइलचं. एका दुपारी ऑफिसची कामं उरकून माझ्या ग्लायडरचं नाक करवतीने कापत बसलो होतो, तर आबा शेजारी येऊन टेकले.

"काय करू राहिला?"

"विमानाला मोटार बसवतोय, आबा."

"किती एचपीची?"

हा विनोद नव्हता. आमच्याकडे मोटार म्हणजे विहिरीवरची. दुसरी कुठली असते?

माझं ग्लायडर फोमचं आहे, रिमोटवर चालणारं. पंखांची लांबी दोन मीटर. इतके दिवस ते मी रबराने उडवायचो. जमिनीत खुंटी, तिला तीस मीटर रबरी नळी, पुढे शंभर मीटर नायलॉनची दोरी. ताणून सोडलं की झालं, मोठी गलोलच. नशीब असेल तर ऐंशी-नव्वद मीटर उंची मिळते. दोरी सुटली की पुढे तुमच्या हातात फक्त तेवढी उंची. प्रत्येक वळणाला ती थोडी खर्च होते. दोन-तीन मिनिटांत खेळ खल्लास, आणि मग ढेकळांतून चालत जाऊन विमान उचलून आणायचं.

पण त्या दोन मिनिटांनी मला गावाचं आकाश शिकवलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या बाजूला ऊस आहे, हिरवा आणि ओला. त्याच्यावर विमान दगडासारखं खाली येतं. कापूस काढून नांगरलेलं काळं रान उन्हात तापतं, तिथून गरम हवा वर उठते. वावटळ उठताना दिसली तर तिच्या वरच्या अंगाला जोर असतो. आणि सगळ्यात खात्रीचा इशारा म्हणजे घार. ती पंख न हलवता गोल फिरत असेल तर मुकाट्याने तिच्या खाली जायचं. एकदा असा अकरा मिनिटं राहिलो होतो. त्या अकरा मिनिटांचं वर्णन मी मित्रांना इतक्यांदा केलंय की आता ते विषय बदलतात.

मोटार बसवणं तसं अवघड नाही. ग्लायडरच्या नाकात तोल सांभाळायला शिसं भरलेलं असतंच. ते काढलं, नाकावर प्लायवूडची चकती चिकटवली, तिच्यावर लहानशी ब्रशलेस मोटार आणि मिटणारा पंखा. मागे बॅटरी. वजन फारसं वाढलं नाही. मेलेल्या वजनाच्या जागी कामाचं वजन आलं. फक्त एक सेटिंग विसरायचं नाही. मोटार बंद झाली की ब्रेक लागला पाहिजे, नाहीतर पंखा वाऱ्यावर फिरत राहतो, मिटत नाही, आणि विमानाला मागे ओढतो.

पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं उडवलं. खाली आलं की मोटार, वर गेलं की बंद, परत खाली, परत मोटार. संध्याकाळी लक्षात आलं की चाळीस मिनिटांत मी घार शोधलीच नव्हती.

मग ही फसवणूक का? ग्लायडिंगवाल्यांमध्ये असं मानणारे आहेत, की मोटार लावली तिथे ग्लायडर संपलं. मला हे पटत नाही. रबरातही मी माझ्या हातांची ताकद भरतच होतो. पुण्यात हडपसरला माणूस बसलेलं खरं ग्लायडर विंचने वर खेचतात, आणि विंचला इंजिन असतं. पक्ष्यांचंही तेच. अँडीजमधल्या काँडोर गिधाडांवरचा एक अभ्यास २०२० साली आला. हवेत असताना ती फक्त १ टक्का वेळ पंख मारतात, आणि त्यातलं बहुतेक जमिनीवरून उठताना. एक पक्षी पाच तास पंख न मारता सुमारे १७२ किलोमीटर गेला. म्हणजे मोटार त्याच्याकडेही आहे. मग प्रश्न मोटार असण्याचा नसावा. ती हाताशी आहे म्हटल्यावर मी कुठे बघायचं थांबवतो, हा असावा. (ऑफिसात आता अर्धा कोड मशीनच सुचवतं. तिथलं इथे आणत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.)

आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, मोट होती तेव्हा पाणी खाली गेलं की नाडा वाढवायला लागायचा, बैलाच्या मानेवरून समजायचं. बैल थकले की भिजवणं बंद. आता बटन दाबलं की पाणी. संपत आलंय ते मोटारीने हवा धरल्यावर कळतं.

मला वाटलं, मिळालं उत्तर. म्हणालो, "म्हणजे मोटच बरी होती."

"तू धरणार का बैल? पहाटं चारला?"

मी गप्प. माझा रबराचा हट्ट हौसेचा आहे, जमलं नाही तर विमान कपाटावर ठेवता येतं. त्यांची मोट हौसेची नव्हती. जे कष्ट त्यांनी नाइलाजाने काढले त्यांना मी शहाणपण म्हणून मिरवणार, हे जरा अतीच.

तरी २०१२-१३ विसरता येत नाही. मी दहावीत होतो. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यात आमची होती. बाबांनी टँकर आणले, बोअर घेतला, तो आटला तसा दुसरा घेतला. शेवटी झाडं तोडली आणि दोन वर्षं चुलीत मोसंबीच जळत होती.

या एप्रिलमध्ये बाबांना पुन्हा बोअर हवा होता. पैसे माझ्याकडून.

विमानांच्या स्पर्धांमध्ये एफ५जे नावाचा प्रकार आहे, मोटारवाल्या ग्लायडरांचा. मोटार सुरुवातीला एकदाच, जास्तीत जास्त ३० सेकंद. विमानात बसवलेलं छोटं यंत्र उंची नोंदवतं. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापतात, त्यापुढे दर मीटरला ३. मला हा नियम फार आवडतो. मोटार वापरा, पण हिशोब द्या. मी तोच लावून घेतला, वहीत उंची लिहायला लागलो, आणि घारी परत दिसू लागल्या. बोअरलाही असा नियम आहे: राज्याचा भूजल कायदा शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला मनाई करतो. पण बोअरची गाडी शेतात येते तेव्हा तिथे टेप घेऊन कोणी उभं नसतं. मी बाबांना म्हटलं, पैसे देतो, पण दोनशेपर्यंतच. ते "बरं" म्हणाले.

मे महिन्यात मी पुण्याला मीटिंगमध्ये असताना फोन आला. मागे मशीनचा आवाज.

"दोनशे झाले. ओल लागलीय, पाणी नाही. गाडीवाला विचारतोय, थांबू का. काय सांगू?"

मी माइक म्यूट केला. बाबा वाट बघत होते. गाडीचे पैसे फुटावर चालू होते.

"जाऊ द्या खाली," मी म्हणालो.

दोनशे सत्तरला पाणी लागलं. जूनमध्ये बाबांनी मोसंबीची पन्नास रोपं लावली.