परत न येणारे भांडे

पुनरुत्थानाच्या सणासाठी खास पाव घरी भाजण्याची हौस आपल्या काही कुटुंबांतून रुजू लागली आहे. इटलीतला कबुतराच्या आकाराचा कोलोंबा किंवा रशियातला उंच, दंडगोलाकार कुलिच जुहूच्या एखाद्या स्वयंपाकघरात कागदी साच्यात भाजला गेला, तर त्याचे नवल वाटू नये. कोलोंबा स्वतःही फार प्राचीन नाही. 1930 च्या दशकात मिलानच्या मोत्ता कंपनीने तो लोकप्रिय केला. तेव्हा परका की आपला, जुना की नवा, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. आम्हाला विचारात पाडतो तो त्याचा कागदी साचा.

हा साचा केवळ सोयीचा नाही. लोणी, अंडी आणि साखर घातलेला हा पाव भट्टीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की स्वतःच्याच भाराने खचू शकतो. म्हणून कोलोंबाच्या बुडाशी, कागदाला छेदून, सळ्या खुपसतात आणि साच्यासकट तो कित्येक तास उलटा टांगून ठेवतात. पत्र्याच्या साच्यात हे साधणार नाही. पुढे तो पाव साच्यातून काढावाही लागत नाही. जसा भाजला तसाच दुसऱ्याच्या घरी जातो. परत येण्यासारखे मागे काहीच उरत नाही.

इथेच आपल्या जुन्या रीतीशी त्याची गाठ पडते. जुहू हे एके काळी बेट होते. पोर्तुगीज त्याला जुवेम म्हणत. इथले भंडारी माडांची ताडी काढीत, आणि ताडी हेच ईस्ट इंडियन स्वयंपाकघरातले खमीर होते. तिने आंबवलेल्या पिठाचे फुगे सणासुदीला तळले जात आणि शेजारीपाजारी वाटले जात. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, हा महाराष्ट्रातल्या घराघरातला दंडक. दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात पडे. ते भांडे दोन घरांमधली वाट मोडू देत नसे.

मग कागदी साच्याने ही वाट बंद केली, असे म्हणून हळहळावे काय? घाईने तसे म्हणवत नाही. भरून परत करायचे भांडे प्रेमाने जाते हे खरे. पण ते हिशेबही सोबत नेते. ज्या घरी त्यात घालायला काही नसते, त्या घरच्या गृहिणीला ते फळीवरून रोज टोचत राहते. संत लूकच्या शुभवर्तमानात (14:12-14) प्रभू येशू यजमानाला सुचवतो की, जे उलट आमंत्रण देतील अशा मित्रांना, नातलगांना आणि धनवान शेजाऱ्यांना सोडून, ज्यांना परतफेड शक्यच नाही अशा गोरगरिबांना आणि अपंगांना पंक्तीला बोलवावे. कागदातला पाव या शिकवणीच्या जवळ जातो. घेणाऱ्याच्या शिरावर तो ऋण ठेवीत नाही.

परंतु देणे जितके सोपे, तितकेच ते कोरडे होण्याचा धोका असतो. पाव कागदात बांधला, वर नावाची चिठ्ठी लावली आणि पहारेकऱ्याच्या हाती वरच्या मजल्यावर धाडला, की झाले कर्तव्य! भांडे न्यायला आणि आणायला निदान माणूस दारात यावा लागे. प्रभूच्या शिकवणीतला यजमान अन्न पाठवून मोकळा होत नाही. तो माणसांना आपल्या पंक्तीला बसवतो. हिशेब प्रभूने पुसला. सहवास मात्र राखला.

तेव्हा शेजारणीशी भांड्यांची ये-जा चालत असेल, तर ती चालूच राहावी. पण येत्या ईस्टरला एक पाव कागदातच राहू द्यावा: इमारतीच्या त्याच पहारेकऱ्यासाठी, नव्याने भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबासाठी, ज्यांच्याकडून काही परत येणार नाही अशा कोणासाठी तरी. आणि तो आपण स्वतः घेऊन जावा. त्यांनी बसा म्हटले तर बसावे. अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांनी एका अनोळखी वाटसरूला आग्रहाने थांबवून घेतले, आणि त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांना प्रभूची ओळख पटली. त्या वेळी ते तिघे एकाच मेजाशी बसले होते.