शहराने काय विचारावं?

सकाळी सातच्या आत सातपूरच्या पपया नर्सरी चौकात उभं राहावं. एका बाजूला कंपनीच्या बसची वाट पाहणारे पन्नाशीतले कामगार असतात, हातात डब्याची पिशवी. दुसऱ्या बाजूला पाठीवर सॅक आणि पायात सेफ्टी शूज घातलेली तरुण पोरं. काही वेळाने दोघेही एकाच गेटमधून आत जाणार असतात. कुठे कामाला आहात असं विचारलं, तर पहिला कंपनीचं नाव सांगतो. दुसरा बहुतेक वेळा ठेकेदाराचं नाव सांगतो.

मोठी कंपनी येणार म्हटल्यावर नाशिककर काय विचारतो, तो प्रश्न गेल्या साठ वर्षांत बदलत आला आहे. या दोन उत्तरांत त्या बदलाची खूण सापडते.

पहिला प्रश्न साधा होता : कारखाना आपल्याकडे येणार का? चीन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १९६२मध्ये, यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिग विमानांचं काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला. १९६२मध्येच एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे सातपूरच्या माळावर शेड उभ्या राहू लागल्या. देशासाठी आणि नव्या राज्यासाठी काहीतरी उभं राहतंय, ही त्या काळाची भावना खरी होती. ज्यांची शेतं गेली त्यांचं दुःख त्या भावनेखाली दबलं, हेही खरं. ‘मिगला आहे’, ‘मायकोत आहे’ एवढं सांगितलं की मुलाचं लग्न ठरायचं. सिडकोने एकामागून एक सहा स्कीम उभारल्या आणि कामगारांना घरं मिळाली. या शहराचा मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणात त्या पगारांवर घडला आहे. हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचं काही बोलू नये.

दुसरा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला : आमच्या पोरांना घेणार का? भूमिपुत्रांचा आग्रह त्यातूनच आला. उद्योगांत ८० टक्के स्थानिकांना काम मिळावं, असं राज्याचं धोरणही झालं. पण आपण माणसं मोजत राहिलो, नोकरीचा प्रकार मोजला नाही. ‘परमनंट’ हा शब्द हळूहळू निवृत्त होणाऱ्यांपुरता उरला. आकड्यात स्थानिक दिसणारा मुलगा अकरा महिन्यांच्या कागदावर काम करू लागला.

तिसरा प्रश्न जमिनीतून आला. सिन्नर तालुक्यातल्या मुसळगाव, गुळवंच भागात इंडियाबुल्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेकडो हेक्टर जमीन गेली. ज्या उद्योगांच्या आशेवर ती दिली गेली, ते उद्योग त्या प्रमाणात आले नाहीत. मग लोकांनी विचारलं : ठरल्या मुदतीत कारखाना आला नाही, तर आमच्या जमिनीचं काय? हा प्रश्न जमीन देण्याआधी कागदावर यायला हवा होता. पाण्याचंही तसंच. राज्याच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर गोदावरीचं पाणी खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं आहे. २०२३मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा गंगापूर धरणाचं पाणी एकट्या नाशिकचं नाही हे सगळ्यांना पुन्हा कळलं. म्हणजे नव्या कंपनीला दिलेलं पाणी निफाडच्या द्राक्षबागेपासून पैठणपर्यंत कोणाच्या तरी वाट्यातून जाणार.

याच अनुभवातून चौथा प्रश्न तयार होतो आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : निर्णय कुठे होणार? नाशिकला कारखाने मिळाले, मुख्यालयं क्वचितच. मिग बनवणाऱ्या एचएएलचं आणि मायकोचं, म्हणजे आजच्या बॉशचं, मुख्यालय बंगळुरूला, महिंद्राचं मुंबईला. मिगनंतर ओझरला आलेल्या सुखोई विमानांच्या ऑर्डरी संपत आल्या तेव्हा पुढे काम कुठलं, ही काळजी ओझरच्या घराघरांत होती आणि निर्णय दिल्ली-बंगळुरूत होणार होता. १७ ऑक्टोबर २०२५ला इथल्या नव्या जुळणी लाईनवर तयार झालेलं तेजस लढाऊ विमान आकाशात झेपावलं, तेव्हा गावाने सुटकेचा श्वास सोडला. आनंद मोठा होता, पण आपलं भवितव्य आपल्याला दुसऱ्यांकडून कळतं, ही जाणीवही त्यात होती.

म्हणून आता अनेकांना वाटतं, मुख्यालयच आणा. हा विचार चांगला आहे. फक्त त्याचाही हिशोब आधी मांडायला हवा. २०१७मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा २३८ प्रस्ताव आले. निवडल्या गेलेल्या न्यूयॉर्कमधल्या रहिवाशांनीच विचारलं, की घरभाडं किती वाढेल, मेट्रोतली गर्दी कोण सोसेल आणि जवळपास तीन अब्ज डॉलरच्या सवलती कशासाठी? फेब्रुवारी २०१९मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. कोण बरोबर होतं, यावर तिथे आजही दुमत आहे. मुख्यालय आलं तर इथेही गंगापूर रोडचं भाडं वाढेल, द्वारका चौकातली कोंडी वाढेल, आणि मोठ्या पगाराच्या जागांवर बाहेरून माणसं येतील. सिडकोतल्या पदवीधर मुलीला त्यात कुठली जागा मिळेल, हे आजच विचारावं लागेल.

इतके प्रश्न विचारले तर कंपनी दुसरीकडे जाईल, अशी भीती दाखवली जाते. ती पोकळ नाही. २०२२मध्ये महाराष्ट्रात येईल असं वाटत असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला जाणार हे जाहीर झालं, तेव्हाची अस्वस्थता आठवते. पुण्याला नोकरीसाठी निघालेल्या मुलाच्या आईला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. पण जागा निवडण्याआधी कंपनी स्वतः वीज, पाणी, विमानतळ, शाळा सगळं तपासते. त्याला आपण विरोध म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. मग शहराने विचारलं तर तोही व्यवहारच. अडचण अशी, की विचारायची जागाच अनेकदा रिकामी असते. २०२२नंतर काही वर्षं नाशिक महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे होता.

तरी हे कसं करावं, हे शिकायला नाशिकला लांब जायला नको. मिगच्या त्याच ओझरमध्ये बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. तिथे पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेतलं जातं, कोणाचा वाटा किती हे आधी ठरतं, पाळी नंतर सुटते. टोकाच्या शेतकऱ्यालाही आपला हिशोब माहीत असतो.

कंपनी येण्याआधी एवढंच व्हावं. पाणी किती, जमीन किती आणि किती मुदतीसाठी, सवलती किती, कायम नोकऱ्या किती आणि ठेक्यावरच्या किती, हे एका कागदावर मराठीत लिहून सामंजस्य कराराच्या आधी ग्रामसभेत आणि महापालिकेच्या सभेत वाचलं जावं. ओझरच्या शेतकऱ्याने कालव्यासाठी जे करून दाखवलं, ते शहराला करता येणार नाही असं मी मानत नाही.