बराकीकडे परतणारी वाट

१९ जानेवारी २०१८ रोजी बेंगळुरूतल्या बेळंदूर तलावाच्या काठी वाळलेले गवत पेटले. सर्जापूर रोड जिथे इब्लूरपाशी आऊटर रिंग रोडला मिळतो, तिथल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवरून धुराचे लोट दिसत होते. तलावाचा एक काठ लष्कराच्या जमिनीला लागून आहे. आर्मी सर्व्हिस कोअरच्या केंद्रातले हजारो जवान आगीशी झुंजायला उतरले. दुसऱ्या दिवसापर्यंत आग आटोक्यात आली आणि जवान बराकीत परतले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी आभार मानले, आणि पुन्हा ट्रॅफिकबद्दल बोलणे सुरू झाले. जवान परत गेले याचे नवल कुणालाच वाटले नाही. मला मात्र नवल वाटते ते त्याचेच, कारण मुलकी सरकारने सैन्याला हाक मारली आणि सैन्य आले, पण परत गेलेच नाही, अशी उदाहरणे विसाव्या शतकात ढिगाने सापडतात.

त्यातले एक पुण्याच्या दापोडीपर्यंत येऊन पोहोचते. नायजेरियाच्या इंजिनिअर दलातला ओलुसेगुन ओबासान्जो नावाचा तरुण अधिकारी १९६५ मध्ये लष्करी शिक्षणासाठी भारतात आला आणि दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. त्या वर्षी आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि पाकिस्तानशी युद्ध झाले. हुकूम मुलकी मंत्र्यांचा आणि लढाई सेनापतींची, ही विभागणी युद्धाच्या धामधुमीत कशी चालते, हे पाहायला त्याहून चांगली जागा नव्हती. जानेवारी १९६६ मध्ये ओबासान्जो मायदेशी परतले आणि त्याच दिवसांत त्यांच्या जिवलग मित्राने, मेजर न्झेओग्वू याने, सरकार उलथवले.

त्या बंडाची रात्र जवळून पाहण्यासारखी आहे. उत्तरेकडच्या कडुना शहरात न्झेओग्वूने रात्रीच्या सरावाची टूम काढली होती. सरावाचे नाव ‘दामिसा’. तुकड्या अंधारात बाहेर पडत आणि परत येत. गावाला त्याची सवय झाली, शिपायांनाही झाली. १५ जानेवारीच्या पहाटे याच सरावाच्या आडून तुकडी उत्तर प्रांताचे प्रमुख अहमदू बेल्लो यांच्या घरावर चालून गेली. आजचा सराव खरा आहे, हे कित्येक शिपायांना ऐनवेळी कळले. बेल्लो मारले गेले. लागोसमध्ये पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांना पळवून नेले, पुढे त्यांचा मृतदेहच सापडला. दुपारी रेडिओवर न्झेओग्वूने लाचखाऊंना आणि दहा टक्के कमिशन मागणाऱ्यांना देशाचे शत्रू ठरवले. दक्षिणेत अनेकांनी आनंद साजरा केला. त्यांना मूर्ख म्हणण्याची माझी तयारी नाही. भ्रष्टाचाराला विटलेला माणूस गणवेशाकडे आशेने पाहतो, आणि असे बोलणे आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही ऐकू येते.

पण आधीच्या पाच वर्षांत काय घडले ते पाहायला हवे. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. तिव लोकांचे उठाव मोडायला सैन्य बोलावले गेले. १९६२ मध्ये पश्चिम प्रांतात विधिमंडळातच हाणामारी झाली आणि आणीबाणी आली. १९६५ च्या तिथल्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. मग विरोधकांची घरे पेट्रोल ओतून जाळण्याचा प्रकार सुरू झाला. राजकारण्यांना आपसांतला प्रश्न सुटला नाही की हाक सैन्यालाच. बोलावणारा एका पक्षाचा, आणि ज्यांच्यावर सैन्य सोडायचे ते दुसऱ्या पक्षाचे. असे वारंवार झाले की आपल्यावाचून यांचे पान हलत नाही, हे मेजरच्या ध्यानात येतेच. मग ‘परत जा’ म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन उरत नाही.

बंडाचे पुढारी बहुतांशी पूर्वेकडच्या इग्बो जमातीचे आणि मारले गेलेले नेते मुख्यतः उत्तर व पश्चिमेचे, त्यामुळे हेतू काहीही असो, देशाने त्याचा अर्थ जमातीच्या भाषेतच लावला. जुलैमध्ये उलटा उठाव झाला, लष्करी अधिकारी गोवोन सत्तेवर आले, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, मे १९६७ मध्ये इग्बोंचा पूर्व प्रांत ‘बियाफ्रा’ म्हणून फुटून निघाला आणि यादवीत माणसे मुख्यतः उपासमारीने मेली, लाखांच्या संख्येने.

आपल्याकडे हे का घडले नाही? ‘आपल्या सैन्याची शिस्त’ हे ठरलेले उत्तर मला अपुरे वाटते. कडुनाची लष्करी अकादमी १९६४ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांच्याच मदतीने उभी राहिली. नायजेरियाचे अधिकारी इब्राहिम बाबांगिदा डेहराडूनला शिकले, मुहम्मदू बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. १९८३ च्या अखेरीस लष्कराने निवडून आलेले सरकार हटवले तेव्हा बुहारी राष्ट्रप्रमुख झाले आणि १९८५ मध्ये बाबांगिदांनी त्यांनाच हटवले. शिस्तीचे धडे आपलेच होते, पण शाळेबाहेरचे राजकारण वेगळे होते.

भारतात काही गोष्टी जाणूनबुजून केल्या गेल्या. सरसेनापतीचा बंगला, तीन मूर्ती, नेहरूंचे निवासस्थान झाला. १९५५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनाम गेले आणि तीन प्रमुख बरोबरीचे राहिले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, इथे बेंगळुरूत मद्रास सॅपर्सचे, रामगढला शिखांचे, असे तुकड्यांचे चेहरे प्रांतिक राहिले तरी एकाच प्रांताच्या हाती सगळे सैन्य एकवटले नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे १९६७ मध्ये काँग्रेस कित्येक राज्यांत हरली आणि खुर्च्या सोडून उठली. हरणारा उठतो हे दिसत असले की सैन्याला हाक मारण्याची वेळच क्वचित येते. जून १९७५ मध्ये जयप्रकाशांनी पोलीस आणि सैन्याला बेकायदा हुकूम पाळू नका म्हटले आणि सरकारने आणीबाणी आणली, तेव्हाही सैन्य जागचे हलले नाही. लोकशाही त्या वेळी मुलकी हातांनीच गोठवली आणि १९७७ मध्ये मतदारांनी सोडवली. पण ईशान्येत १९५८ पासून सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याखाली जगलेल्या गावांना ‘आपले सैन्य बराकीत असते’ हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही इथेच लिहायला हवे.

ओबासान्जोंचे पुढचे आयुष्य मला म्हणूनच विचार करायला लावते. लष्करी राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांचा फेब्रुवारी १९७६ मध्ये खून झाल्यावर ते त्या पदावर आले आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांनी निवडून आलेल्या शेहू शगारींच्या हाती सत्ता दिली. पुढे लष्करशहा अबाचाच्या राजवटीत तुरुंग भोगला. १९९९ मध्ये स्वतः निवडून आले आणि आल्या आल्या, लष्करी राजवटीत राजकीय पदे भोगलेल्या अधिकाऱ्यांना निवृत्त करून टाकले. ज्यांना सत्तेची चव कळली त्यांच्या हाती तुकड्या ठेवायच्या नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पण चव त्यांनाही कळलेली होती. दुसरी मुदत संपत आली तेव्हा तिसरीसाठी घटनाच बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. मे २००६ मध्ये नायजेरियाच्या सिनेटने ती दुरुस्ती फेटाळली. रणगाडे निघाले नाहीत. २९ मे २००७ रोजी ओबासान्जो पदावरून उतरले आणि एका मुलकी अध्यक्षाने दुसऱ्या मुलकी अध्यक्षाकडे सूत्रे देण्याची त्या देशातली ती पहिलीच वेळ होती. निवडणुकीत गैरप्रकार झाले होते, तक्रारी न्यायालयात गेल्या, आणि वाद मिटवायला सैन्याला कुणी बोलावले नाही.