खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. १७६१ च्या जानेवारीत पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले असताना हे पत्र त्यांच्या हाती पडले. दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा अर्थाचा तो सांकेतिक मजकूर मराठी शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक असतो. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. रुपये आणि खुर्दा म्हणजे उरलेले सगळे. पत्र लिहिणाराला मी दोष देत नाही. शत्रूच्या मुलखातून बातमी पोचवायची तर ती व्यापाराच्या भाषेत गुंडाळावीच लागते. पण त्याने योजलेली उपमा आपल्याला इतकी चटकन पटली आणि अडीचशे वर्षे आपण ती इतक्या कौतुकाने एकमेकांना सांगत आलो, की तिच्याविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. बोलण्याचा अधिकारही मला थोडासा आहे. मी खुर्द्यापैकी आहे.

१९७६ साली मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालो. हवालदार होऊन घरी परतलो. आता मालेगावात राहतो. मोसम नदीच्या काठचा इथला भुईकोट १७४० साली नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधायला घेतला. हे नारोशंकर पानिपतच्या वेळी कोठे होते, हे गावातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. भाऊसाहेब कुंजपुऱ्याकडे गेले तेव्हा दिल्ली राखायला त्यांनी ज्याला मागे ठेवले तो हाच माणूस. पानिपतात कोंडलेल्या छावणीला पैसा पाठवण्याचे कामही दिल्लीकडेच होते. १७६१ च्या जानेवारीत स्वारांच्या अंगावर थोडी थोडी रक्कम बांधून एक तुकडी दिल्लीहून निघाली. रात्री वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून थेट अफगाणांच्या गोटात शिरली. बहुतेक स्वार तेथेच कापले गेले. प्रत्येकाच्या कमरेला किती रुपये बांधले, याचा हिशेब दिल्लीच्या दप्तरात नक्कीच झाला असेल. ते बांधणाऱ्या कमरा कोणाच्या होत्या, याचा झाला असेल का? मला शंका आहे.

आता मी ज्या विद्येत वाढलो तिच्याकडे वळतो. कारण शिपायाचे शिक्षण म्हणजे एका अर्थी माणसाचा खुर्दाच करणे आहे. पहिल्या दिवशी केस जातात. मग घरचे कपडे पेटीत जातात. मग गावची बोली जाते आणि सगळ्यांची एकच मोडकीतोडकी हिंदी होते. पहाटे अंधारात बिगूल, त्यामागून दौड, पी.टी., मग कवाईत. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि पाच किलोमीटर पळणे. शेवटच्या अर्ध्या मैलाला जीभ टाळूला चिकटते आणि कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज येतो. एकाच्या बुटाला चिखल लागला तर सगळ्या पलटूनीला रगडा. दुपारी शस्त्रे उघडणे, पुसणे, जोडणे. डोळे बांधून जोडणे. चांदमारीच्या दिवशी खांदा निळा पडलेला. उस्ताद शिवी देई तीसुद्धा सर्वांना सारखीच. त्याबाबतीत त्याने कधी पक्षपात केला नाही. चार महिन्यांनी पाठमोऱ्या रांगेत आपलाच मित्र आपल्याला ओळखता येईना. एकाच टांकसाळीत पाडलेली नाणी!

हे सारे क्रूर आहे, असे वाचणाऱ्याला वाटेल. मला ते तसे कधी वाटले नाही. ज्या क्षणी भीतीने बुद्धी बंद पडते त्या क्षणी हातापायांना आपले काम ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप. डोंगराच्या चढावर माझ्या शेजारचा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, कोणत्या स्वभावाचा याची मला चौकशी करावी न लागता तो अमुक ठिकाणी असेलच एवढी खात्री असावी, म्हणून हे सारखेपण.

परंतु या सगळ्या दिनक्रमात एक गोष्ट अशी होती की जी या सारखेपणाच्या नेमकी उलट जाई. तिचे नाव गिनती. पहाटे गिनती, कामावर जाताना गिनती, परतल्यावर गिनती, रात्री झोपण्यापूर्वी गिनती. ‘गिनती कर’ असा हुकूम सुटला की रांगेच्या उजव्या टोकापासून एकेकजण मान झटकून आपला आकडा ओरडे. प्रथम प्रथम मला हा निव्वळ पोरखेळ वाटे. एका रात्रीच्या सरावानंतर मात्र त्याचा अर्थ कळला. पाऊस बेळगावचा, म्हणजे बोलायलाच नको. वीस मैलांची चाल संपवून आम्ही बराकीजवळ आलो, लंगरातल्या डाळीचा वास नाकाशी आला, आणि गिनतीत एक आकडा कमी भरला. उस्तादाने पुन्हा मोजले. पुन्हा एक कमी. त्याने कपाळाला हात लावला नाही, की शिवी दिली नाही. फक्त ‘पीछे मुड’ म्हणाला. सगळी पलटून उलटी फिरली आणि पाच मैलांवर एका बांधाखाली पाय मुरगळून बसलेल्या पोराला खांद्यावर घेऊन पहाटे परतली. तो पोरगा काही मोठा हुशार नव्हता. आमच्यातला सर्वांत सामान्य म्हणावा असा. पण त्याच्यावाचून आकडा पुरा होत नव्हता.

त्या रात्री मला समजले की फौज माणसाला नाण्यासारखे पाडते खरी, पण त्याला मोजल्याशिवाय झोपत नाही. माझ्या मनात जो नैतिक प्रश्न आहे तो येथून निघतो. ज्या संस्थेने सगळ्यांना सारखे केले ती एकेकाला मोजते. आणि जो समाज प्रत्येक माणसाला वेगळा, अमोल वगैरे मानतो तो राष्ट्रीय संकटाच्या वेळी ‘गणती नाही’ एवढे म्हणून मोकळा होतो. हे कसे?

कोणी म्हणेल, युद्ध म्हणजे खर्च आहे. एकेका प्राणाचा विचार करीत बसणाऱ्या सेनापतीला लढताच येणार नाही. हे खरे आहे, आणि शिपायाइतके ते कोणालाच ठाऊक नसते. कसम परेडच्या दिवशी आपण खर्चाच्या खात्यात नाव घालीत आहोत हे प्रत्येक जवान जाणतो. पण खर्च आणि उधळपट्टी यांत फरक असतो, आणि तो रकमेचा नसून हिशेबाचा असतो. पानिपतावर अखेरच्या दिवसांत छावणी उपाशी होती. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची वाट तुटली. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती लढून मरावे, भुकेने मरू नये म्हणून. त्या दिवशीचे शौर्य आपण गातो. त्याआधीच्या दोन महिन्यांतल्या भुकेचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हे मात्र कोणी ठरवले नाही.

अशीच गोष्ट १९६२ सालची. ऑक्टोबरात नामका चूच्या काठी सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत माणसे उभी केली गेली. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊंच्या एका कंपनीतले शंभरावर जवान पडले. जे थोडे वाचले त्यांनी सांगितलेली हकीकत आरंभी अनेकांना खरी वाटेना. पुढे हिवाळा सरता सरता एका मेंढपाळाला ते दिसले, थिजलेले, कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच. तेव्हा कोठे गिनती पुरी झाली. आम्हांला शिकवणारे जुने सुभेदार ही हकीकत सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसे. ते एवढेच म्हणत : मरायला आमची ना नव्हती, पण बूट आधी मोजायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे, आणि तो मी चहाच्या दुकानात स्वतः ऐकला आहे. ‘पगार घेतात ना? मग?’ याला उत्तर म्हणून मी आमच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो. १८१८ च्या मे महिन्याच्या मध्यावर कर्नल मॅक्डोवेलने मालेगावला वेढा घातला. आत होते काही शे अरब. शुद्ध भाडोत्री शिपाई. किल्ल्याचा धनी नावापुरता उरला होता. मेच्या अखेरीस इंग्रजांनी चढवलेला हल्ला या अरबांनी परतवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. म्हणजे ज्या राज्याचा हा किल्ला ते राज्यच बुडाले. तरी इथले अरब लढतच राहिले. दारूचे कोठार उडाले, तट ढासळला, तेव्हा जूनच्या मध्यावर ते खाली उतरले. त्यांना देशभक्त ठरवण्याचा माझा हेतू नाही. इंग्रजांना अरब शिपाई या मुलखात नकोच होते, आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण धनी बुडाल्यावर पगार कोण देणार होता? पगार दिवसांचा असतो. पहाऱ्याचा, दौडीचा, घरापासून दूर काढलेल्या दिवाळीचा मोबदला त्यात येतो. शेवटच्या दिवसाची किंमत कोणत्याच पगारपत्रकात नसते. ती शिपाई आपल्या पदरची घालतो. या वेढ्यात इंग्रजांकडची हानी दोनशेच्या वर झाली, असे लिहिलेले आहे. तटावरच्या अरबांची नावे या गावात कोणाला सांगता येणार नाहीत. पुढे इथे इंग्रजांची छावणी पडली आणि त्या वस्तीला लोक आजही कॅम्प म्हणतात. जिंकणाऱ्याचा मुक्काम गावाच्या जिभेवर राहिला; लढणाऱ्याचे नाव राहिले नाही.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत चावडीवर नाहीतर वेशीवर एक दगडी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. खुर्द्याची गणती झाली, पण ती खुर्दा म्हणूनच. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समरस्मारक उघडले. तेथे स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या पंचवीस हजारांवर जवानांची नावे दगडात कोरली आहेत. शिपाई आणि मेजर एकाच भिंतीवर. त्याच्या अकराच दिवस आधी पुलवाम्याला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान गेले होते. त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. त्या आठवड्यात गावोगाव मेणबत्त्या लागल्या, दुकाने बंद राहिली. तो शोक खोटा होता असे मी म्हणणार नाही. मात्र शोक हा फार सोयीचा असतो. तो हिशेब मागत नाही; उलट मागणाऱ्याला ‘ही वेळ नव्हे’ म्हणून गप्प बसवतो. आणि ती वेळ पुढे येतच नाही.

म्हणून मला वाटते की मेल्यानंतरची नावे कोरण्याइतकीच जिवंतपणीची गिनती ही नागरिकाची नीती आहे. कॅम्पच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारी पोरे मला रोज दिसतात; बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची, काही मागावर काम करणाऱ्यांची. २०२२ पासून भरती चार वर्षांची झाली. त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम राहणार. ही व्यवस्था योग्य की अयोग्य, यावर जाणत्यांनी वाद घालावा. पण परत येणाऱ्या तिघांना गावात कोण मोजणार, हा प्रश्न जाणत्यांचा नव्हे, गावाचा आहे. त्यांच्या पायांत बूट कोणते आहेत, त्यांच्या चौकीवर रसद वेळेवर पोचते की नाही, जखमी होऊन आलेल्याला निवृत्तिवेतनासाठी किती खेटे घालावे लागतात, हे शांततेच्या दिवसांत विचारणे म्हणजे गिनती. त्यात टाळ्या नाहीत, बिगूल नाही. आमच्या उस्तादासारखे, पावसात उभे राहून, डाळीचा वास सोडून, ‘एक कमी आहे’ एवढे म्हणण्याचे धैर्य मात्र लागते.

बाजारात मोहरेला मान असतो, पण रोजचा व्यवहार चालतो खुर्द्यावर. थैलीला भोक पडले तर आधी खुर्दाच गळतो. आणि ज्याला तो गळताना ऐकू येत नाही, त्याच्या मोत्यांची वाटही त्याच भोकातून जाते.