आईच्या ताटावरचा पहारा

हाम्बुर्गचे स्त्रीरोगतज्ज्ञ लुडविग प्रोखोव्हनिक यांनी 1889 साली गरोदर बायकांसाठी एक पथ्य प्रसिद्ध केलं. सकाळी छोटा कपभर कॉफी आणि एखादा टोस्ट. दुपारी मांस, मासे किंवा अंडी, जोडीला हिरवी भाजी, सॅलड, चीज. रात्री तेच, वर पावाचा तुकडा आणि लोणी. पाणी बंद, सूप बंद. बटाटे, गोडधोड, साखर, बीअर तर नाहीच. वाईन मात्र दिवसाकाठी तीन-चारशे मिलिलिटर चालेल. हे सगळं गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांसाठी, आणि हेतू उघड होता: बाळ लहान राहावं.

वाचताना हसू येतं, वाईनपाशी तर जास्तच. पण प्रोखोव्हनिक विक्षिप्त नव्हते. त्यांच्यासमोर येणाऱ्या कित्येक बायकांचा पेल्व्हिस, म्हणजे कमरेचा हाडांचा सांगाडा, इतका अरुंद असायचा की पूर्ण वाढलेलं बाळ त्यातून बाहेर येणं अशक्य. सिझेरियनमध्ये गर्भाशय नीट शिवता येतं हे लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी 1882 साली दाखवलं होतं. तरी ते धाडस करणारे थोडेच. म्हणून डॉक्टर दिवस भरण्याआधीच कळा आणत आणि अशी बाळं पुष्कळदा दगावत. त्याऐवजी काही करता येईल का, हा प्रोखोव्हनिक यांचा प्रश्न होता. त्यांनी तीन बायकांवर हा आहार वापरून पाहिला. तीन हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण एवढ्या पुंजीवर पुढे कित्येक दशकं देशोदेशींच्या डॉक्टरांनी गरोदर बायकांना मोजून जेवायला लावलं.

हा विचार आपल्याला परका नाही. 'पोर मोठं झालं तर सुटका अवघड जाईल, आता हात आखडता घे' हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या सुनांनीही ऐकलेलं आहे. हाम्बुर्गचा तज्ज्ञ आणि आपल्याकडची सुईण यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. दोघांची भीती मात्र एकच होती, बाळंतपणाच्या दिवसाची. बाळ बाहेर कसं येईल एवढाच प्रश्न समोर असला की ते पुढे कसं जगेल हा प्रश्न सुचतच नाही. त्यात त्यांना दोष देण्यासारखंही काही नाही.

पण सांगाडा अरुंद का होता? मुडदुसामुळे. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत, उन्हाची तिरीपही न येणाऱ्या चाळीवजा घरांत वाढलेल्या पोरींची हाडं लहानपणीच मऊ पडून वाकत. पाय फेंगडे होत ते दिसे; कमरेचं हाड चपटं होई ते पहिल्या बाळंतपणापर्यंत कुणाला कळत नसे. 1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना क्वार्ट्झ दिव्याच्या अतिनील प्रकाशात ठेवलं आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांत हाडं भरून येताना दाखवली. उन्हामुळे शरीरात तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाशी जोडलेल्या रसायनांवरच्या कामासाठी ग्यॉटिंगेनच्या आडोल्फ विन्डाउस यांना 1928 चं नोबेल मिळालं. म्हणजे प्रोखोव्हनिक यांच्या कोड्याचं उत्तर शेवटच्या महिन्यांच्या ताटात नव्हतंच. ते त्या बाईच्या दोन-तीन वर्षांच्या वयात होतं. तिच्या वाट्याला तेव्हा ऊन आलं नाही, आणि त्याची भरपाई वीस-पंचवीस वर्षांनी तिचंच जेवण तोडून करायची असा तो मामला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

मुडदूस आटोक्यात आला, सिझेरियन सुरक्षित होत गेलं. पथ्याचं कारण संपलं, पथ्य संपलं नाही. त्याला दुसरं कारण आधीच मिळालं होतं. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्नाची टंचाई झाली. 1916-17 चा हिवाळा तर लोकांनी सलगमाच्या जातीच्या कंदावर काढला आणि त्याच नावाने तो अजून ओळखला जातो. याच काळात बर्लिनच्या डॉक्टरांनी नोंदवलं की एक्लॅम्पसिया, म्हणजे रक्तदाब चढून गरोदर बाईला येणारे जीवघेणे झटके, कमी झाले आहेत. मांस आणि चरबी ताटातून गेली म्हणून झटके गेले, असं अनुमान निघालं. आता हा आजार पहिलटकरणींत जास्त दिसतो, आणि नवरे खंदकांत असताना पहिलटकरणी येणार कुठून? ही शंका काहींनी काढली, पण सोपा निष्कर्ष पुढे निघून गेला होता. कमी खा, वजन आवर, झटके टळतील. अमेरिकेत तर 1960 च्या दशकापर्यंत डॉक्टर नऊ किलोंच्या वर वजन वाढलं की बाईला रागे भरत. तिथल्या राष्ट्रीय समितीने 1970 साली हा आग्रह सोडायला सांगितला.

उपाशी आईच्या पोटी बाळाचं काय होतं, हे कुणी प्रयोग करून पाहणं शक्य नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाने ते करून दाखवलं. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. त्या काळात शेवटचे महिने काढलेल्या आयांची बाळं सरासरीने सुमारे 300 ग्रॅमने हलकी जन्मली. लढाई संपल्यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन 1946 साली पथक घेऊन बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेल्या वुपरटाल शहरात गेले. पथकातल्या आर. एफ. ए. डीन यांनी तिथल्या प्रसूतिगृहाच्या जुन्या नोंदवह्या उघडून युद्धाआधीपासूनची हजारो बाळांची वजनं पाहिली. घट होती, पण शे-दोनशे ग्रॅमची. एवढ्या हलाखीत एवढीच? आईचं शरीर स्वतः झिजून बाळाला पुरवतं, असं त्यातून दिसत होतं. आणि याचा दुसरा अर्थही होता, जो तेव्हा फारसा कुणी बोलून दाखवला नाही: बाळाचं वजन बरं आहे म्हणजे आईचं बरं चाललं आहे, असं समजायचं कारण नाही.

विडोसनबाईंचा जर्मनीतला आणखी एक अनुभव इथे सांगायलाच हवा, जरी तो गरोदरपणाचा नाही. दोन अनाथाश्रमांतल्या मुलांचं वजन त्या नियमित घेत होत्या. सहा महिन्यांनी एका आश्रमाला जादा पाव आणि इतर खाणं सुरू झालं. पण वजन जास्त वाढलं ते जादा काहीच न मिळालेल्या दुसऱ्या आश्रमात. नेमक्या त्याच सुमाराला एक करड्या स्वभावाची व्यवस्थापिका दुसऱ्या आश्रमातून पहिल्यात आली होती. मुलं जेवायला बसली की ती त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेई. तिच्या लाडक्या आठ मुलांना मात्र ती सोबत घेऊन आली होती, आणि ती मुलं छान बाळसं धरत होती. 1951 साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अन्न ताटात पडलं म्हणजे अंगी लागलंच असं नाही, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. विडोसनबाईंनी ते तराजूवर घेतलं.

तोवर सगळा हिशेब जन्माच्या वजनापाशी संपत होता. तो पुढे नेणाऱ्यांपैकी एक नाव जर्मनीबाहेर फार कमी लोक घेतात: पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले गुंटर ड्योर्नर. गर्भात आणि जन्मानंतर लगेच मिळालेलं पोषण, तसेच त्या वेळची हॉर्मोन्स, चयापचयाला आयुष्यभराचं वळण लावतात, असं ते 1970 च्या दशकातच मांडत होते. त्यांनी हाच धागा समलैंगिकतेपर्यंत ताणला आणि त्यावर योग्य ती टीकाही झाली. पण मूळ कल्पना वाया जाणारी नव्हती. ब्रिटनचे डेव्हिड बार्कर यांनी जुन्या नोंदींतून हलक्या बाळांचा संबंध पुढच्या हृदयविकाराशी जोडला तेव्हा, म्हणजे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, जग जागं झालं. बाळंतपणाच्या दिवसाचा प्रश्न आता बाळाच्या पन्नाशीपर्यंत लांबला.

इथे पुणे येतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची, आपली पावणेतीनच्या आतबाहेर. पण कातडीखालची चरबी मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळात कमी आहेत ते स्नायू; चरबी जवळपास तेवढीच आहे. काट्यावर हडकुळं, आतून मात्र मधुमेहाची तयारी असलेलं. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळं आणखी हलकी होती, आणि पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या ताटात जास्त, त्यांची थोडी भरलेली. किती कॅलरी यापेक्षा कशाच्या, हा मुद्दा पुढे आला.

जर्मनीत आज उपासमार नाही. तिथली चिंता उलटी आहे. गरोदर बाईला मिळणाऱ्या मुटरपास या पुस्तिकेत दर भेटीला वजन, रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं यांची नोंद होते. हे तिन्ही रकाने एकत्र का आले ते एक्लॅम्पसियाचा इतिहास सांगतो. 2012 पासून 24 ते 28 व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. तिथे राहणाऱ्या मराठी मुलीची आई लेकीच्या बाळंतपणाला विमानाने येते आणि 'दोन जिवांची आहेस' म्हणून वाढत राहते. डॉक्टर काट्याकडे बोट दाखवतात. मधुमेहाची टांगती तलवार आपल्या लोकांवर जास्त, म्हणून या वादात डॉक्टरांचं पारडं जड आहे, असं मला वाटतं. पण काट्यावर बोट ठेवून काय साधतं? म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या हान्स हाउनर यांच्या पथकाने बव्हेरियात 2200 हून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत आहार आणि व्यायामाबद्दल ठरावीक समुपदेशन, निम्म्यांत नेहमीची तपासणी. मर्यादेबाहेर वजन वाढलेल्या बायका दोन्हीकडे 45 टक्क्यांच्या आसपासच निघाल्या.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी 2006 साली सुरू केलेल्या 'सारस' प्रकल्पाने उलट्या बाजूने हेच सांगितलं: दिवस राहिल्यावर ताटाकडे पाहायला लागणं म्हणजे उशीर. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोशासारखा पदार्थ बायकांना रोज दिला. तुलनेच्या गटाला बटाटा-कांद्याचा. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळं मात्र सुमारे 48 ग्रॅमने भरली. गरोदरपणातला मधुमेहही तो पदार्थ खाणाऱ्यांत कमी, 12.4 टक्क्यांच्या जागी 7.3.

तरीही सगळा पहारा त्या नऊ महिन्यांवरच आहे, कारण तेव्हा बाई दवाखान्यात येते, काट्यावर उभी राहते, ऐकून घेते. सोय आपली आहे, गरज तिची नाही. चौदा वर्षांच्या मुलीला कुणी काट्यावर उभं करत नाही, आणि तिच्या ताटात भाजी शेवटी उरेल तेवढीच पडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के भारतीय मुलींना ॲनिमिया होता. त्यातल्या बहुतेकींच्या नावाचं गरोदरपणाचं कार्ड अजून निघालेलं नव्हतं.