काम मिळाले म्हणजे झाले काय?

दुर्बळास भिक्षा घालणे सोपे, काम देणे कठीण, आणि त्या कामावर त्यास टिकू देणे त्याहूनही कठीण होय. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या मनुष्याचेच पाहा. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला. त्याने हा रोग बरा होतो. तथापि हाताची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही, आणि लोकांच्या मनातील भय तर औषधाने जात नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान शेकडा ४ जागा राखल्या. त्यांत अशांचाही वाटा आहे. परंतु शेजारी बसून भाकर खाण्यास कोणी तयार नसेल, तर मिळालेली जागा तो किती दिवस धरील?

कोणी म्हणेल, त्याचे काम सावकाश होते, मालकाने तोटा का सोसावा? आम्ही विचारतो, खुरप्याच्या मुठीस कापड गुंडाळण्यास, तापलेले भांडे त्याच्या हाती न देण्यास व जखम पाहावयास घटकाभर सवड देण्यास कितीसा खर्च येतो? ही दया नव्हे. श्रम करणाऱ्याचा तो हक्क होय. वाचकहो, आपल्या गावी असा कोणी कामास लागला, तर पहिल्या दिवशी शाबासकी देऊन थांबू नका. महिन्याने पुन्हा त्याची विचारपूस करा, आणि दुपारी त्याच्या पंक्तीस बसा.